करंजीची कड आणि इंजिनाचं गॅस्केट

‘गॅस्केट’ हा शब्द आपल्याला काही नवा नाही. कुकर शिट्टी न देता झाकणाच्या कडेनं फुसफुसायला लागला की आपण लगेच म्हणतो, “रिंग गेली वाटतं!” मग कुकर थंड करून, झाकण उघडून, जुनी कडक झालेली रिंग काढायची, खाच धुऊन पुसून कोरडी करायची आणि नवी बसवायची. हे काम आपण वर्षानुवर्षं करतो, त्यासाठी कुणाला बोलावत नाही. पण दाराशी उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनात अगदी त्याच कामाची, त्याच जातीची वस्तू असते म्हटलं, की आपण दोन पावलं मागं सरतो. “ते बाई पुरुषांचं काम!”

मैत्रिणींनो, मी काही इंजिनिअर नाही. बी. ए. झालेली, घर सांभाळून सकाळच्या शाळेत चार तास शिकवणारी बाई. पण गेल्या वर्षी आमच्या जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनावरच्या झाकणाचं गॅस्केट मी घरच्या अंगणात बदललं, आणि गाडीखाली पडणारे तेलाचे थेंब थांबले. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. ह्यांची नोकरी परगावी. त्यामुळे गाडी आठ-आठ दिवस गॅरेजात ठेवणं परवडणारं नव्हतं, आणि गॅरेजनं सांगितलेला साडेसहा हजारांचा आकडाही त्या महिन्यात झेपणारा नव्हता. शेजारचे काका एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “बाई, हात तुमचे, डोळे माझे. करूया.” सगळा खर्च आठशेच्या आत झाला. त्या कामात जे शिकले आणि पुढे वाचून, विचारून जे पक्कं केलं, ते इथं सांगते आहे.

गॅस्केट असतं कशासाठी?

इंजिन हा एकसंध ठोकळा नसतो. अनेक भाग बोल्टनं एकमेकांवर आवळलेले असतात. धातूचा पृष्ठभाग दिसायला कितीही गुळगुळीत असला तरी त्यावर बारीक खाचा आणि उंचवटे असतातच. शिवाय इंजिन तापलं की धातू फुगतो, गार झालं की आक्रसतो. धातूवर धातू नुसता दाबला तर मधल्या फटीतून तेल, पाणी किंवा वायू बाहेर येणारच. म्हणून दोहोंच्या मध्ये दबणारी, फट भरून काढणारी एक पट्टी घालतात. तेच गॅस्केट. आपल्याकडचे मिस्त्री त्याला सरळ ‘पॅकिंग’ म्हणतात.

कामाप्रमाणे ते कशाचं बनवायचं हे ठरतं. इंजिनाच्या अगदी वर जे झाकण असतं, ज्याला गॅरेजात ‘टॅपेट कव्हर’ म्हणतात, त्याखाली रबराचं किंवा जुन्या गाड्यांत बुचाचं गॅस्केट असतं. त्याला फक्त गरम तेलाचे शिंतोडे अडवायचे असतात. त्याच्या खाली, सिलिंडर आणि हेड यांच्या मधलं ‘हेड गॅस्केट’ मात्र फार कष्टाचं. तिथं पेट्रोल जळताना वायूचं तापमान काही क्षण २००० अंशांच्या वर जातं, आणि त्याच पातळ पट्टीला वायू, पाणी आणि तेल हे तिघं वेगवेगळे ठेवायचे असतात. म्हणून ते आताशा पोलादाच्या पातळ थरांचं करतात. पहिलं घरी बदलता येतं. दुसऱ्याला हात लावू नये. हा भेद आधी मनात पक्का करा.

रबराचं गॅस्केट जातं म्हणजे काय होतं? वर्षानुवर्षं उष्णता आणि तेल सोसून ते कडक होतं आणि दाबलेल्या आकारातच राहतं. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेला रबरबँड ताणायला गेलं की तुटतो ना, तसंच. दाब काढला तर परत वर येण्याचा, फटीचा पाठलाग करण्याचा त्याचा गुण संपतो.

ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण एका रबरी रिंगेनं जगाला केवढा धडा दिला आहे! २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि आतले सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतली शिक्षिकाही होती. बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी रिंगा त्या सकाळच्या थंडीत कडक झाल्या होत्या आणि सांधा वेळेवर बंद होऊ शकला नाही. चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानं तसल्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि दाब काढल्यावर तो पूर्ववत होत नाही, हे सगळ्यांसमोर दाखवलं. कुठलंही मोठं यंत्र अखेर सांध्यावर टिकतं, हे मी वर्गात मुलांना त्याच उदाहरणानं सांगते.

आधी गळती कुठली ते शोधा

तेल नेहमी खाली ओघळतं. त्यामुळे थेंब जिथं पडतो तिथंच गळती आहे असं समजू नका. ती बहुतेक वेळा वर कुठेतरी असते. काकांनी मला पहिल्याच दिवशी पाना हातात दिला नाही, चिंधी दिली. थंड इंजिनाची संशयाची जागा पुसून अगदी स्वच्छ करायची, कोरडी झाली की तिथं साधी टाल्कम पावडर हलक्या हातानं भुरभुरायची. मग दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. फिरणाऱ्या पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून मात्र लांब राहायचं. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ जिथून सुरू होते ते गळतीचं मूळ.

आमच्याकडे रेघ झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून सुरू झाली होती आणि तिथून तेल थेट गरम एक्झॉस्टच्या नळ्यांवर उतरत होतं. गाडी थांबवली की जळकट वास येई तो त्याचाच. हा वास कधीही अंगावर काढू नका. थेंबभर तेलाचा धूर होतो, पण गळती वाढली आणि तेल तापलेल्या नळ्यांवर साचलं तर आग लागू शकते. शिवाय तेलाची पातळी हळूहळू उतरत जाते. पातळी किमान खुणेखाली गेली की इंजिनाचे भाग कोरडे घासू लागतात आणि मग खर्च शेकड्यांत राहत नाही.

आणखी एक तपासणी. इंजिनाच्या आतला वायू बाहेर खेचून घेणारी एक रबरी नळी या झाकणाला जोडलेली असते. ती किंवा तिच्यातली झडप काजळीनं तुंबली तर आतला दाब वाढतो आणि चांगलं गॅस्केटही कडेनं तेल सोडू लागतं. मोरीची जाळी तुंबली की पाणी उंबऱ्यावरून बाहेर येतं, तसंच हे. नळी साफ न करता नुसतं गॅस्केट बदललं तर महिन्याभरात पुन्हा तेच.

तयारी

गॅस्केट आपल्या गाडीचंच हवं. दुकानात जाताना नोंदणीचं पुस्तक किंवा कार्ड न्या. चासिस क्रमांक आणि साल पाहून योग्य नग मिळतो. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं असतात. झाकणाच्या बोल्टांखाली रबरी वॉशर असतील तर तेही नवे घ्या. गॅस्केट नवं आणि वॉशर जुने ठेवले तर तेल तिथून येतं.

बाकी सामान थोडं: मापाचा गोटी पाना, प्लास्टिकचा जुना कार्डाचा तुकडा, धागे न सुटणारं सुती कापड, तेलकटपणा घालवणारा स्प्रे, पुठ्ठा, पेन, चिकटपट्टी. आणि गाडीची माहितीपुस्तिका किंवा सर्व्हिस मॅन्युअल. बोल्ट किती आवळायचे आणि सीलंट कुठं लावायचं हे त्यात असतं.

इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. हँडब्रेक लावा, किल्ली काढून घरात ठेवा, बॅटरीची उणे तार सोडवा. आणि बायांनो, बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र आधी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातूची बांगडी टेकली तर ती क्षणात लालबुंद होते आणि हात भाजतो. केस बांधा, पदर, ओढणी सोडलेली नको. स्प्रे उघड्यावरच वापरा आणि जवळ देवाचा दिवाही नको.

उघडताना

काही सोडवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. पूर्वीच्या मिस्त्रींना हे सगळं पाठ असे. आपल्याला फोटो पुरे. मग झाकणावरची आणि कडेची धूळमाती पुसून काढा, नाहीतर झाकण उचलताच ती आत पडेल. वरचा एअर फिल्टरचा डबा, नळ्या आणि प्लगच्या वायरी आड येत असतील तर एकेक काढून प्रत्येकीला चिकटपट्टीवर आकडा लिहा. वायर ओढताना तिच्या टोपीला धरावं, वायरीला नाही.

पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून बोल्टांच्या जागी भोकं पाडा. जो बोल्ट जिथला, तो त्याच भोकात ठेवा. लांबी कमी-जास्त असू शकते. बोल्ट सोडवताना कडेकडून मध्याकडे या आणि प्रत्येक बोल्ट आधी थोडाथोडा सैल करा. एकच बाजू पूर्ण मोकळी केली तर झाकण वाकतं.

झाकण चिकटलेलं असतं. तिथं स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह होतो. पण ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा म्हणजे तेलाला कायमची वाट. लाकडी मुठीनं कडेला हलकेच ठोकत गेलं की ते सुटतं. उचलल्याबरोबर उघड्या इंजिनावर स्वच्छ कापड पसरा. एखादा वॉशर किंवा जुन्या रबराचा तुकडा आत पडला, तर तो सापडेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही.

कड स्वच्छ, तर सांधा पक्का

दिवाळीत करंज्या करताना आपल्या आयांनी काय सांगितलं होतं? कडेला सारण लागू देऊ नको; लागलं तर करंजी तेलात फुटेल. पारी कितीही सुरेख लाटली, मुरड कितीही नाजूक घातली, तरी कडेवर खोबऱ्याचा एक कीस राहिला की तिथं तोंड उघडतंच. इंजिनाचंही तेच. दहापैकी आठ आणे यश या पुसण्यात आहे, असं काका म्हणत.

जुनं गॅस्केट काढा, खाचेतले उरलेले कण प्लास्टिकच्या तुकड्यानं खरवडा. भांड्यांची तारेची घासणी मुळीच नको. तिचे तुकडे इंजिनात जातात. स्प्रे थेट इंजिनावर न मारता कापडावर मारून दोन्ही कडा पुसा. शेवटी पांढरं कापड फिरवा. काळा डाग आला तर पुन्हा पुसा. कडा नुसत्या स्वच्छ नव्हे, कोरड्या हव्यात. तेलाच्या पुसट थरावर काहीही नीट बसत नाही.

आमच्या गाडीत या कामाला दीड तास लागला, कारण आधीच्या कुणा कारागिरानं गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापून ठेवलं होतं. त्याचे शेवयांसारखे लोंबणारे तुकडे आतल्या बाजूनं दिसत होते. ते पाहून काका गंभीर झाले, आणि का, ते पुढं सांगते.

पत्र्याचं झाकण असेल तर ते सपाट आहे का ते पाहा. काचेवर पालथं ठेवून हलतं का बघा. पूर्वी बोल्ट फार आवळले असतील तर भोकांभोवतीचा पत्रा आत दबलेला असतो. तो लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीनं सरळ करता येतो. ओतीव झाकण वाकलं किंवा चिरलं असेल तर मात्र बदलावंच लागतं.

एक इशारा. फार जुन्या, वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या काही गॅस्केटांमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची सुकी धूळ फुप्फुसांना अतिशय घातक. तशी शंका असेल तर ते कोरडं खरवडू नका, पॉलिश पेपर मारू नका, फुंकरही घालू नका. ते काम जाणत्यावर सोपवा.

ट्यूब हातात आली की…

पूर्वी गॅरेजांत गॅस्केटला शेलॅक लावत. शेलॅक म्हणजे आपली लाख! जिच्या बांगड्या होतात, जिचे शिक्के रजिस्टर्ड पार्सलावर मारत, तीच स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ती चांगली धरते, पण वाळल्यावर ताठ होते. आता तिची जागा बहुतेक ठिकाणी सिलिकॉन सीलंटच्या ट्यूबनं घेतली आहे. ते हवेतला ओलावा घेऊन रबरासारखं होतं, म्हणून पावसाळ्यात लवकर आणि कोरड्या हवेत सावकाश वाळतं. अर्धी वापरलेली ट्यूब तोंडाशी घट्ट होते तीही यामुळेच.

ट्यूब स्वस्त, लावायला सोपी. म्हणून सगळी गडबड होते. “जरा जास्त लावू, म्हणजे गळणार नाही” हा हिशेब इथं उलटा पडतो. आवळल्यावर जादा सिलिकॉन दोन्हीकडे बाहेर येतं. बाहेरचं आपल्याला दिसतं. आतलं दिसत नाही. ते वाळून सुटतं, तेलाबरोबर खाली तेलाच्या चेंबरमध्ये जातं. तिथं तेल वर खेचणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते. चहाच्या गाळण्यात चोथा अडकावा तसं ते जाळीत अडकतं. मग तेल वर पोचत नाही, आणि उत्तम इंजिन एका चुटकीभर सिलिकॉनपायी जाम होऊ शकतं. आमच्या झाकणाला लोंबणारे तुकडे पाहून काका गंभीर झाले ते यासाठी. एकेक तुकडा चिमट्यानं वेचून काढल्याशिवाय त्यांनी मला पुढं जाऊ दिलं नाही.

म्हणून नियम असे:

खाचेत बसणारं घडीव रबरी गॅस्केट कोरडंच बसवायचं. त्याला सिलिकॉन नको, ग्रीस नको. सिलिकॉनवर रबर सरकतं आणि आवळताना बाहेर येतं.

अपवाद फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागांचा. दोन भागांचा जोड किंवा अर्धगोल वळण सपाट कडेला मिळतं, तिथल्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढा थेंब.

काही भागांना, विशेषतः अनेक नव्या गाड्यांच्या तेलाच्या चेंबरला, वेगळं गॅस्केट नसतंच. नुसतं सीलंट असतं. तिथं मेंदीच्या कोनातून काढतो तशी दोन-तीन मिलिमीटरची सलग रेघ लागते. ती कुठेही तुटायला नको आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं जायला हवी. पण चेंबर गाडीखाली असतो, म्हणून ते काम गॅरेजचं.

न्हाणीघराच्या फरशांना लावायचं सिलिकॉन इंजिनाला चालत नाही. त्यातल्या पुष्कळशा प्रकारांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्यातलं आम्ल धातूला आणि नव्या गाड्यांच्या सेन्सरना बाधतं, आणि गरम तेलापुढे ते टिकतही नाही. ट्यूबवर इंजिनासाठी, तेलाला टिकणारी आणि सेन्सरला सुरक्षित असं लिहिलेलं पाहूनच घ्या. नळाच्या गळतीला लावतो ते दोन रंगांचं मळून लावायचं एपॉक्सीही इथं नको. ते दगडासारखं होतं आणि पुन्हा झाकण उघडणं मुश्कील करतं.

बसवताना

नवं गॅस्केट जुन्याशेजारी ठेवून भोकं आणि वळणं जुळतात का पाहा. ते झाकणाच्या खाचेत सगळीकडून बोटानं दाबून बसवा. पीळ पडलेला नको. थेंब लावायचे ते लावा आणि ट्यूबवर लिहिलेल्या वेळेच्या आत झाकण ठेवा. ठेवायचं ते सरळ वरून खाली. सरकवून जागेवर आणलं तर गॅस्केट खाचेतून निसटतं. मग कडेनं बोट फिरवून कुठे बाहेर डोकावतं का ते बघा.

सगळे बोल्ट आधी हातानंच फिरवा. हातानं सहज जात नसेल तर आटे तिरके बसताहेत; काढून पुन्हा लावा. मग पाना. सुरुवात मधल्या बोल्टपासून, तिथून आळीपाळीनं दोन्ही कडांकडे. एका फेरीत पूर्ण न आवळता दोन-तीन फेऱ्यांत आवळा. चादर पलंगावर घालताना आपण मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढतो, त्याच न्यायानं.

किती आवळायचं? इथं ताकद हा गुण नव्हे. या झाकणांच्या छोट्या बोल्टांना बऱ्याच गाड्यांत १० न्यूटन मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जोर सांगितलेला असतो. म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच किलोची पिशवी टांगावी, एवढाच. छोट्या गाडीच्या चाकाच्या नटांना याच्या साधारण आठ-दहापट लागतो. नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमधला घ्यावा, आणि कुणाकडून टॉर्क पाना मागून आणता आला तर फारच छान. जास्त आवळलं तर रबर चिरडतं, पत्रा वाकतो, किंवा ॲल्युमिनियममधले आटे जातात. “घट्ट म्हणजे चांगलं” ही समजूत लोणच्याच्या बरणीपुरती ठीक आहे!

पुढचे दोन दिवस

सिलिकॉन लावलं असेल तर साधारण २४ तास थांबा. ट्यूबवर लिहिलेला वेळ खरा मानावा. म्हणून हे काम मी शनिवारी दुपारी धरलं, सासूबाईंची पुढची पाळी मंगळवारी होती. वायरी फोटो पाहून परत जोडा, बॅटरीची तार लावा, तेलाची पातळी काठीवर पाहा. आत एखादं अवजार किंवा चिंधी राहिली नाही ना, हे मोजून बघा.

इंजिन सुरू करून दहा मिनिटं नजर ठेवा. पहिल्यांदा थोडा वास येईल. नळ्यांवरचं जुनं तेल जळत असतं. पण धूर वाढत गेला तर लगेच बंद करा. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी कोरडा दिसला की समजावं, सांधा धरला. आठवड्यानं पुन्हा एकदा कड पुसून पाहा. थेंब दिसला तर बोल्ट आणखी पिळत बसू नका. उघडून, पुसून, पुन्हा बसवणं हाच उपाय.

तेलकट चिंध्या वेगळ्या पिशवीत बांधा. उरलेलं किंवा सांडलेलं तेल मोरीत, गटारात ओतू नका. जिथं वापरलेलं ऑइल गोळा करतात अशा गॅरेजात द्या.

इथं हात घालू नका

पाणी वारंवार कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येतोय, इंजिन तापतंय, काठीवरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसतंय, यांपैकी काही असेल तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा. थंडीत पहाटे थोडासा पांढरा वाफारा किंवा तेलाच्या झाकणाखाली किंचित साय दिसते ती निव्वळ दवाचीही असू शकते, पण पाणी कमी होत असेल तर थांबू नका. गाडी तशीच दामटली तर हेड वाकतं. ते काढून सपाटी तपासणं, नवे बोल्ट ठरलेल्या क्रमानं आणि मापानं आवळणं हे वर्कशॉपचंच काम. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं. तोंडावर फवारा येतो.

तसंच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. ना आपण, ना आपले ‘हे’, ना उत्साही मुलगा.

गॅरेजात जायचंच तर

प्रत्येकीनं पाना हातात घ्यावा असा माझा आग्रह नाही. वेळ नसतो, जागा नसते, काही इंजिनांवर इतक्या नळ्या असतात की झाकणापर्यंत पोचायलाच अर्धा दिवस लागतो. पण गळतीसाठी गॅरेजात गेलात तर चार प्रश्न विचारा: गळती नेमकी कुठली, ते पुसून मला दाखवाल का? हवेची नळी तपासली का? गॅस्केट नवं घालणार की जुन्यावरच सिलिकॉन लावणार? आणि जुनं गॅस्केट मला परत द्याल का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट दोन गोष्टी जास्त सांगतो. काढलेलं जुनं गॅस्केट हातात घेऊन वाकवून पाहा. कडक होऊन तडकलं, तर पैसे योग्य कामाला गेले.

आमच्या गाडीचं ते जुनं गॅस्केट मी सातवीच्या वर्गात नेलं होतं. एका मुलीनं नवं आणि जुनं दोन्ही दाबून बघितलं आणि विचारलं, “बाई, हे बदलायला किती शिकावं लागतं?” मी म्हटलं, “करंजी न फुटता तळता येते ना तुला? मग निम्मं शिकून झालंय. उरलेलं निम्मं म्हणजे पुस्तक वाचायचं, आणि ट्यूब हातात आली की हात आवरायचा.”